धुराड्यातली काजळी आणि कडक जाळ

लाकूड पूर्ण जळाले की राख उरते. अर्धवट जळाले की धूर उरतो, आणि तो धूर थंड पत्र्याला किंवा विटेला लागला की त्याची काजळी होते. बंब, बेकरीची भट्टी, पाणी तापवण्याचा लाकडी बॉयलर यांच्या धुराड्यात आतून जो काळा, चिकट, कडवट वासाचा थर बसतो, तो म्हणजे वाया गेलेले इंधनच. क्रियोसोट या नावाने तो ओळखला जातो. तो पेटतो, आणि त्याचा सगळा धोका याच गुणात आहे. त्याला काबूत ठेवण्याचा एक जुना उपायही याच गुणावर आधारलेला आहे: अधूनमधून सुक्या लाकडाचा कडक जाळ करायचा, धुराडे चांगले तापू द्यायचे आणि नुकताच बसलेला पातळ थर सुकवून, जाळून टाकायचा. हा उपाय वेळेवर केला तर धुराडे स्वच्छ राहते. महिनोन्‌महिने दुर्लक्ष करून मग एका दिवसात सगळे जाळून टाकायला गेले, तर त्याच जाळाने धुराडे पेटते.

लाकडाला आच लागली की आधी त्यातले पाणी उडते. तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की लाकडाचे विघटन सुरू होते आणि त्यातून वायू, आम्लांची वाफ व डांबरासारखे जड पदार्थ बाहेर पडतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने निघतो. निखारा म्हणून उरतो तो फक्त बाकीचा भाग. या वायूंना पूर्ण जळण्यासाठी सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता, भरपूर हवा आणि थोडा वेळ लागतो. तिन्ही मिळाले की ज्वाळा पिवळी-पांढरी, उसळती दिसते आणि धुराड्यातून जवळजवळ काहीच निघत नाही. यातले एकही कमी पडले की आग धुमसते. मग निघणारा धूर दाट, पिवळसर-करडा असतो आणि तो डोळ्यांना झोंबतो.

असा धूर वर जाताना निवतो. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून घाम फुटतो त्याच रीतीने, साधारण १२० अंशांपेक्षा थंड असलेल्या धुराड्याच्या भिंतीवर धुरातली पाण्याची वाफ आणि डांबर थिजते. सुरुवातीला हा थर भुसभुशीत असतो, खराट्याने किंवा ब्रशने झाडला की निघतो. त्यावर पुन्हा पुन्हा थर चढले की चकचकीत, कडक खपल्या होतात. त्या खरवडाव्या लागतात. तिसरी अवस्था सगळ्यात वाईट. डांबर वितळून, पुन्हा गोठून भिंतीला काचेसारखे लिंपले जाते. त्यावर ब्रश नुसता घसरतो. हा थर जाडही असतो आणि त्यात उष्णताही खच्चून भरलेली असते, त्यामुळे धुराड्याच्या आगी बहुधा इथूनच भडकतात.

ओले लाकूड हे या सगळ्याचे पहिले कारण. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. कोरड्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १८ मेगाज्यूल उष्णता असते. निम्मे पाणी असलेल्या लाकडातून हाती येते त्याच्या निम्म्याहून कमी, कारण लाकडाचा हिस्साच अर्धा आणि त्यातलीही काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. आग थंड राहते, धूर वाढतो, काजळी वाढते. म्हणून जळाऊ लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा, असा दंडक जगभर पाळला जातो. मुंबईत हा दंडक पावसाळ्यात पाळणे अवघड जाते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांतली हवाच इतकी दमट असते की छपराखाली रचलेले लाकूडसुद्धा नीट सुकत नाही, आणि उघड्यावरचे तर भिजूनच जाते. वर्षातली सर्वांत जास्त काजळी याच चार महिन्यांत धरते. धुराडे तपासायचे ते पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि पाऊस ओसरल्यावर, असे दोनदा; त्यामागचे कारण हेच.

प्रभादेवी, परळ, लालबाग या गिरणगावाला धूर नवा नव्हता. कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांच्या उंच चिमण्या ही या भागाची ओळख होती, आणि त्या धुराचा जाच इतका वाढला होता की १९१२ साली मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. कापड गिरण्यांच्या वाफेच्या बॉयलरमध्येही काजळी बसे, पण ती कोरडी, भुकटीसारखी. भट्टी सतत प्रखर असल्यामुळे डांबर धरत नसे. वाफेच्या बॉयलरमागे, धुराच्या वाटेत, पाणी आधीच तापवून घेणाऱ्या नळ्यांची एक रांग बसवण्याची युक्ती इंग्लंडमधील एडवर्ड ग्रीन याने १८४५ मध्ये काढली होती. त्या नळ्यांवर वरखाली फिरत राहणारी खरवडणीही त्याने सोबतच जोडली, कारण नळीवर काजळी बसली की पाण्याला उष्णता पोचत नाही हे त्याला कळून चुकले होते. काजळी साचू देऊन मग काढण्यापेक्षा ती बसता बसताच काढत राहावी, हे शहाणपण इतके जुने आहे.

गिरण्यांच्या चिमण्या विझल्या, तरी मुंबईत लाकडाची आग उरली ती बेकऱ्यांत. पावाची जुनी भट्टी म्हणजे विटांची मोठी, बुटकी कमान. तिच्यात लाकूड जाळून विटा तापवायच्या, निखारे ओढून घ्यायचे किंवा बाजूला सारायचे, तोंड झाकायचे आणि विटांत साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचा. पेटवताना कमानीचा आतला भाग धुराने काळा होतो. विटा साडेतीनशे अंशांच्या वर गेल्या की तीच काजळी जळून कमान पुन्हा पांढुरकी दिसू लागते. भट्टी तापली की नाही हे अनुभवी भट्टीवाला याच रंगावरून ओळखतो. अशा भट्टीत कडक जाळ रोजच होतो आणि सगळे काम वीट-मातीत चालत असल्यामुळे त्यात धोकाही नसतो.

अडचण असते ती कमानीच्या पुढे. धूर कमानीतून निघून आडव्या बोळातून चिमणीत जातो, आणि चिमणी कित्येकदा इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून तीन-चार मजले वर चढते. तिथपर्यंत धूर निवलेला असतो. भट्टीचे तोंड झाकल्यावर आत उरलेले लाकूड रात्रभर धुमसते, तेव्हा तर चिमणीत जवळजवळ थंड, डांबराने भरलेला धूर हळूहळू फिरत असतो. कमान पांढरी आहे म्हणजे चिमणी स्वच्छ आहे, हा समज म्हणूनच चुकीचा. जिथे वळण आहे, जिथे बोळ आडवा आहे, जिथे चिमणी भिंतीबाहेर निघून वाऱ्यात उभी आहे, तिथे काजळी सर्वांत जास्त बसते, आणि नेमक्या त्या जागा भट्टीसमोर उभे राहून दिसत नाहीत.

दुसरे उदाहरण घरातले. गॅस आणि विजेचे गिझर येण्यापूर्वी गिरगाव-दादरच्या घरांत आणि गावोगावच्या वाड्यांत आंघोळीचे पाणी तांब्या-पितळेच्या बंबात तापे. मधोमध उभी नळी, खाली जाळी आणि राखेची जागा, नळीभोवती पाणी, बाजूला तोटी. कोकणात, घाटावर आजही बंब पेटतात. वसतिगृहे, मंगल कार्यालये, कृषी पर्यटनाची ठिकाणे इथे तर लोखंडी पत्र्याचे मोठे लाकडी बंब घराबाहेर शेडमध्ये बसवलेले दिसतात. बंबाच्या रचनेतच काजळीचे निमित्त आहे. नळीच्या दुसऱ्या अंगाला पाणी असल्यामुळे तिची भिंत कधीच शंभर अंशांच्या वर जात नाही. बंब पेटवताना पाणी गार असते, तेव्हा नळीवर धूर हमखास थिजतो.

तरीही घरगुती बंबाला काजळीचा फारसा त्रास होत नाही, आणि त्याचे कारण आगीच्या पद्धतीत आहे. बंबात घालतात ती बंबफोड: बारीक फोडलेली, सुकी लाकडे. जोडीला करवंट्या, गोवरीचे तुकडे. जाळ थोडा पण प्रखर असतो, नळी उभी आणि आखूड असल्यामुळे हवा जोरात ओढली जाते, घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत बंब पेटलेला राहतो आणि मग आग पूर्ण विझते. धुमसायला वेळच मिळत नाही. रोजच्या रोज कडक जाळ आणि रोजच्या रोज शेवट, ही त्या बंबाची शिस्त. आठ-पंधरा दिवसांनी थंड बंबाची नळी आतून झाडली की काम भागते.

उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशांत, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, न्यूयॉर्क राज्याचा ग्रामीण भाग, कॅनडातले ऑन्टारिओ इथे, घराबाहेर उभा केलेला लाकडी बॉयलर हाच बंब, पण आकाराने खोलीएवढा. आत पोलादी भट्टी, तिच्याभोवती शेकडो लिटर पाणी, आणि जमिनीखालून नळ्यांनी ते पाणी घर उबदार ठेवायला जाते. यात दिवसातून एक-दोनदा ओंडके भरतात. पाणी ठरलेल्या तापमानाला, साधारण ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना, पोचले की हवेची झडप आपोआप मिटते. आग विझत नाही, हवेवाचून धुमसत राहते. पाणी निवले की झडप उघडते आणि आग पुन्हा पेट घेते. उबदार दिवसांत तर बॉयलर बहुतेक वेळ झडप मिटूनच बसतो. पाण्याने थंड ठेवलेली पोलादी भिंत, जाडजूड ओंडके आणि तासन्‌तास धुमसणारी आग, काजळीला याहून अनुकूल जागा नाही. या यंत्रांच्या धुराबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या की २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यांच्यावर प्रथमच देशव्यापी उत्सर्जन-मर्यादा घातली. महाराष्ट्रातल्या मोठ्या पत्र्याच्या बंबांत रात्रीच ओंडके भरून, झडप लावून ठेवण्याची सवय लागली, तर इथेही तेच होते. मोठे यंत्र आणि थोडे काम, हे गणित काजळीला पोसते. वीस माणसांच्या पाण्यासाठी दोनशे माणसांचा बंब लावू नये.

कडक जाळ नेमके काय करतो, हे समजले की त्याची मर्यादाही समजते. प्रखर आगीत भट्टीच्या भिंतीवरचे ओले डांबर आधी सुकते, मग त्याचा काही भाग जळतो आणि उरलेला फुगून, तडकून खपल्या होऊन गळतो. भट्टीच्या पेटीतली काजळी अशी जळून जाते, हे ठीकच. ती जागा आगीसाठीच केलेली असते. धुराड्यात मात्र हा जाळ थेट पोचत नाही, पोचते ती गरम हवा. पातळ थर असेल तर ती त्याला कोरडा करते आणि तो ब्रशने सहज निघतो. थर जाड असेल तर तो पेटतो. लाकडाच्या धुराची काजळी अडीचशे अंशांच्या आगेमागे पेट घेऊ शकते आणि एकदा पेटली की धुराड्यातले तापमान हजार अंशांच्या वर जाते. म्हणून कडक जाळाचा उपयोग काजळी साचू न देण्यासाठी करायचा, साचलेली काढण्यासाठी नाही. साचलेली काजळी थंड धुराड्यात, हाताने, खरवडूनच काढावी लागते. या एका भेदाकडे डोळेझाक झाल्यामुळे अनेक आगी लागल्या आहेत.

तेव्हा जाळ करण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे तपासणी, आणि तीही आग पूर्ण विझून सगळे थंड झाल्यावर. खालून आरसा आणि विजेरी धरून, वरून टोपी काढून, वळणाच्या ठिकाणी सफाईची झडप उघडून आत पाहायचे. टोकदार सळईने थर खरवडला की त्याची जाडी कळते. ३ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर जाळाचा विचार सोडून ब्रश हातात घ्यायचा. चकचकीत, काचेसारखा थर कितीही पातळ दिसला तरी तिथे जाळ करायचा नाही. ते काम जाणत्या माणसाचे. धुराड्याची वीट फुटली आहे का, सांधे निखळले आहेत का, पत्रा गंजून भोक पडले आहे का, हेही याच वेळी पाहायचे. मुंबईच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावरच्या धुराड्याला वरच्या मजल्यांच्या लाकडी तुळया आणि पट्ट्या खेटलेल्या असतात. सततच्या उष्णतेने सुकत गेलेले लाकूड नेहमीपेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकते. धुराडे आणि लाकूड यांत मोकळी जागा नसेल, तर तिथे कडक जाळ करणे सर्वथा टाळावे.

तपासणीत सगळे ठीक दिसले की भट्टीच्या भिंती खरवडून घ्यायच्या आणि जुनी राख काढायची. राखेत निखारा दडलेला असतो आणि तो दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, सिमेंटच्या जमिनीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या डब्यात कधीच नाही. त्यानंतर पाणी. बंब असो वा मोठा बॉयलर, पाणी काठोकाठ भरलेले हवे आणि वरची वाफेची वाट मोकळी हवी. पाणी अपुरे असताना कडक जाळ केला तर नळीचे झाळलेले सांधे उकलतात, पोलादी भिंत वाकते. वाफेची वाट बंद असेल तर त्याहून वाईट: उघड्या बंबाचे दाब सोसणारे भांडे होते, आणि तसा दाब सोसण्यासाठी तो घडवलेलाच नसतो. म्हणून जाळाची वेळही पाण्याच्या वापराशी जुळवावी. सकाळी आंघोळी चालू असताना, गरम पाणी निघून गार पाणी आत येत असताना कडक जाळ केला, तर उष्णतेला वाट मिळते आणि पाणी उकळत नाही.

हवाही पाहावी लागते. वारा जोराचा असेल त्या दिवशी नको. धुराड्याच्या तोंडावर ठिणगी अडवणारी जाळी असावी, पण ती काजळीने बुजलेली नसावी. बुजलेली जाळी धूर मागे ढकलते. आजूबाजूच्या छपरांवर पावसाळ्यासाठी टाकलेली ताडपत्री, सुक्या झावळ्या, वाळत घातलेले कपडे, उत्सवाचा मांडव यांपैकी काही असेल तर जाळ पुढे ढकलावा. दाट वस्तीत एक ठिणगीसुद्धा पुरते, आणि चाळीच्या छपरावरची ताडपत्री कुणाच्या लक्षात नसते.

जाळासाठी मनगटाएवढी किंवा त्याहून बारीक फोडलेली, खडखडीत सुकी लाकडे घ्यावीत. दोन काटक्या एकमेकींवर आपटल्यावर टणत्कार आला, टोकाला चिरा दिसल्या, साल सुटली की लाकूड सुकलेले समजावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्रही बाजारात मिळते. भट्टी गच्च भरू नये, तिसरा भागच भरावा. हवेची झडप उघडी, पण भट्टीचे दार बंद. दार उघडे ठेवून जाळ केला की आगीवरचा ताबा सुटतो. पंख्याने, पाइपने वेगळी हवा मारू नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर, गाडीचे काळे तेल, टायरचे तुकडे, प्लास्टिक हे काहीच आगीत जाता कामा नये. ही बजावणी वरवरची नाही: द्रव इंधनाची वाफ थंड धुराड्यात साठते आणि पेट घेताच दारातून उसळून बाहेर येते. धुराड्याचा पत्रा एकेरी असेल तर त्यावर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावावा. बाहेरच्या पत्र्याचे तापमान सव्वाशे ते सव्वादोनशे अंशांच्या दरम्यान राहिले की काम नीट चालले आहे. अडीचशेकडे काटा सरकला की हवा कमी करावी. वीस मिनिटे ते अर्धा तास असा जाळ पुरतो. त्या सगळ्या वेळात एक माणूस तिथून हलता कामा नये.

दार उघडताना घाई घातक ठरते. हवेवाचून धुमसणाऱ्या भट्टीत न जळलेला वायू कोंडलेला असतो. दार एकदम उघडले की हवा आत शिरते आणि ज्वाळा तोंडावर येते. झडप आधी उघडायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग बाजूला उभे राहून दार बोटभर किलकिले करायचे आणि आतला धूर ओढला गेल्यावरच पूर्ण उघडायचे. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. आग विझून सगळे गार झाल्यावर सुटलेल्या खपल्या ब्रशने पाडून खालून काढाव्यात. त्या तशाच ठेवल्या तर वळणावर साचून धुराची वाटच अडवतात. हे शेवटचे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते.

हा जाळ किती वेळा करावा, हे काम पाहून ठरते. रोज पेटणाऱ्या बंबाला वेगळ्या जाळाची गरजच नसते. दिवसाचा पहिला जाळ कडक आणि सुक्या लाकडाचा असला की पुरे. धुमसत राहणाऱ्या मोठ्या बॉयलरला दर एक-दोन दिवसांनी अर्ध्या तासाचा कडक जाळ देणे हिताचे. आठवड्याने-महिन्याने केलेला एकच प्रचंड जाळ हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. काजळी सुकवणाऱ्या पावडरी मिळतात. त्या काचेसारखा थर ठिसूळ करतात, पण तो खाली पाडायला ब्रश लागतोच. आगीत मीठ टाकण्याचा घरगुती उपाय मात्र सोडून द्यावा. मिठातल्या क्लोरीनमुळे पोलाद आणि पत्रा गंजतो.

सगळी काळजी घेऊनही धुराडे पेटू शकते. आगगाडी जवळून जावी तसा घुमणारा आवाज, धुराड्याच्या तोंडातून ज्वाळा किंवा ठिणग्यांचा फवारा, लालबुंद झालेला पत्रा, तापलेल्या डांबराचा उग्र वास ही त्याची लक्षणे. कधी कधी आग मंदपणे जळून जाते, कुणाला कळतही नाही, आणि मागे तडकलेल्या विटा तेवढ्या उरतात. लक्षण दिसताच हवेच्या सगळ्या झडपा आणि दार बंद करायचे, इमारतीतली माणसे बाहेर काढायची आणि १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवायचे. धुराड्यात वरून पाणी ओतू नये: लालबुंद वीट पाण्याने फुटते, वाफेचा लोट उसळतो आणि तडकलेल्या धुराड्यातून आग भिंतीत शिरते. आग विझली असे वाटल्यावरही वरच्या मजल्यांच्या भिंती हाताने चाचपून पाहाव्यात आणि धुराड्याची पूर्ण तपासणी होईपर्यंत भट्टी पेटवू नये.

काजळी अंगावर घेण्याची वस्तू नाही. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिले की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे मूळ काजळीत आहे. एखाद्या धंद्यातील पदार्थामुळे कर्करोग होतो, याची ही सर्वांत जुन्यांपैकी एक नोंद. धुराडी झाडणाऱ्यांच्या वाट्याला येणारी काजळी आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडते. झाडताना हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला नीट बसणारा मास्क हवाच. ओला रुमाल पुरत नाही. नंतर आंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. मुंबईत हे काम बहुधा भट्टीवरचा सर्वांत धाकटा कामगार करतो, आणि त्याच्या हाती ब्रशशिवाय दुसरे काही दिलेले नसते. हे बदलायला फार खर्च लागत नाही. धुराचा दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही: कार्बन मोनॉक्साइड. धुराडे काजळीने चोंदले की तो मागे वळून खोलीत भरतो. म्हणून बंब बंद न्हाणीघरात पेटवू नये, आणि भट्टीजवळ कुणी झोपू नये.

मुंबईच्या भट्ट्यांत जाते ते लाकूड कोणते, हा प्रश्नही इथे येतोच. जंगलातले ओंडके महाग, म्हणून मोडीत निघालेले लाकूड वापरले जाते: पाडलेल्या चाळींच्या तुळया आणि दारे, तुटके फर्निचर, मालाची खोकी. जुने सागवान कोरडे असते, जळते चांगले. पण त्यावर शिशाचा रंग असू शकतो. प्लायवुडमध्ये फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर तर दगडी कोळशाच्या क्रियोसोटमध्येच मुरवलेले असतात. समुद्रात राहिलेल्या लाकडातले मीठ धुराडे गंजवते आणि धुरात क्लोरीनयुक्त विषारी द्रव्ये सोडते. अशा लाकडाचा कडक जाळ केला तर काजळी कमी होईलही, पण हवा बिघडेल. तो करूच नये.

मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या प्रदूषणाबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश दिला की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी व तत्सम व्यवसायांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळावे. महापालिकेने आधी एक वर्षाची मुदत ठेवली होती. त्यानंतर अनेक भट्ट्यांना गॅसचे बर्नर बसू लागले. दक्षिण आणि मध्य मुंबईच्या जुन्या बेकऱ्यांसाठी हा बदल खर्चाचा आहे, पावाच्या चवीबद्दलही त्यांच्या मनात शंका आहेत, आणि त्या शंका खोट्या म्हणून झटकता येत नाहीत. पण छोट्या आगींचा धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो, हेही तितकेच खरे.

या बदलात एक तांत्रिक गोष्ट निसटते. भट्टीला गॅस लावला, तरी धुराडे तेच, आणि त्यात वर्षानुवर्षांची लाकडाची काजळी तशीच असते. गॅस जळताना पाण्याची भरपूर वाफ होते. ती वाफ जुन्या काजळीत मुरते, थर ओला होऊन भिंतीपासून सुटतो आणि धुराड्याच्या बुडाशी किंवा वळणावर कोसळतो. धुराची वाट बंद होते, आणि जो वायू बाहेर जायचा तो कार्बन मोनॉक्साइडसह कामाच्या जागेत परततो. लाकडाच्या आगीचा धूर निदान डोळ्यांना झोंबून सावध करतो, गॅसच्या आगीची तशी खूण मिळत नाही. म्हणून बर्नर जोडण्यापूर्वी धुराडे वरपासून खालपर्यंत खरवडून स्वच्छ करावे आणि काचेसारखा थर निघत नसेल तर आतून नवे अस्तर किंवा पोलादी नळी घालावी. वळणाखालची सफाईची झडप मोकळी ठेवून पहिल्या महिन्यात दोन-तीनदा ती उघडून पाहावी. ज्यांनी गॅस आधीच जोडला आहे, त्यांनीही भट्टी एक दिवस बंद ठेवून ही तपासणी उरकून घ्यावी, आणि ती पावसाळ्याच्या आत व्हावी.